सळी लोखंडाची की फायबरची? घर, मस्जिद, मदरसा बांधण्याआधी समजून घेऊ या

घराचा स्लॅब टाकायचा ठरला की आपल्याकडे आधी दोन भाव विचारले जातात. सिमेंटच्या पोत्याचा आणि लोखंडाच्या सळीचा. आता या दोघांच्या जोडीला तिसरं नाव ऐकू येऊ लागलंय, ‘फायबरची सळी’. व्हॉट्सअॅपवर त्याचे व्हिडिओ फिरतात. एक माणूस सळ्यांची अख्खी मोळी एकटाच खांद्यावर उचलून चालतो आणि मागून आवाज येतो : गंजत नाही, वजनाला लोखंडाच्या चौथा हिस्सा, ताकद दुप्पट, बारा एमएमच्या जागी आठ एमएम वापरा, काम झालं!

कोल्हापुरात घर बांधायला काढलेले पालक आम्हाला हे विचारतात. मस्जिदीचा वरचा मजला वाढवायचा असलेले ट्रस्टीही विचारतात. ‘सर, तुम्ही विज्ञान शिकवता, हे खरं आहे का?’ आम्ही शिक्षक आहोत, इमारतीचा इंजिनिअर नाही. पण या प्रश्नामागचं विज्ञान शाळेच्या पुस्तकाबाहेरचं नाही, आणि ते प्रत्येक घरमालकाला कळायला हवं. थोडक्यात सांगायचं तर वरच्या चार दाव्यांपैकी पहिले तीन बऱ्याच अंशी खरे आहेत. चौथा दावा, म्हणजे बाराच्या जागी आठ, जीवावर बेतू शकतो. का, ते पायरीपायरीने पाहू.

काँक्रीटला सळी लागतेच कशाला?

वर्गातला खडू घ्या. दोन्ही टोकांना धरून एकमेकांकडे दाबा. तो सहजी मोडत नाही. आता तोच खडू दोन बोटांनी वाकवा. पटकन तुटतो. काँक्रीट असंच असतं. दाब भरपूर सोसतं, ताण सोसत नाही. दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहावा हिस्सा एवढीच त्याची ताण सोसण्याची ताकद असते.

स्लॅबवर ओझं आलं की तो मधे किंचित खाली झुकतो. त्याची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. म्हणून मुख्य सळी खालच्या बाजूला घालतात. गॅलरीचं उलट. ती भिंतीबाहेर लोंबती असते, तिची वरची बाजू ताणली जाते, म्हणून तिथे मुख्य सळी वर हवी. काँक्रीट ओतताना मजूर त्या सळीवर चालून ती खाली दाबतात आणि पुढे गॅलरी कोसळते, ते यामुळेच.

मग जुन्या इमारती सळीशिवाय कशा उभ्या राहिल्या? विजापूरचा गोल घुमट १६५६ सालचा आहे. मोहम्मद आदिलशाहाची ही कबर दगड, वीट आणि चुन्यात उभी राहिली. आपल्या पन्हाळ्यावरचा अंबारखाना पाहा, त्याची जाड कमानदार छतं पाहा. पंचगंगेवरचा जुना शिवाजी पूल दगडी कमानींचा आहे. कमान आणि घुमट यांची खुबी अशी की त्यांच्या आकारामुळे ओझं मुख्यतः दाबाच्या रूपात खाली उतरतं. दगडाला वाकावं लागत नाही. घुमटाच्या कडेला जो थोडा ताण येतो, तो त्या जुन्या कारागिरांनी भिंतींच्या जाडीने आणि वजनाने आवरला.

आपल्याला मात्र सपाट छत हवं असतं, वर मजला चढवायचा असतो. सपाट छत वाकतंच, आणि वाकलं की ताण येतोच. तो ताण घ्यायला काहीतरी चिवट लागतं. फ्रान्समध्ये जोसेफ मोनिए नावाचा एक माळी होता. झाडांच्या सिमेंटच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून त्याने त्यात लोखंडी जाळी घातली आणि १८६७ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पुढे हीच युक्ती घरं, पूल, धरणं यांत गेली. आज आपण ज्याला आरसीसी म्हणतो, त्याच्या सुरुवातीच्या पावलांत या कुंड्या आहेत.

लोखंडाचा खरा दुश्मन

चांगलं काँक्रीट लोखंडाला सांभाळतं. सिमेंट अल्कधर्मी असतं, त्याचा पीएच १२ च्या वर असतो. अशा वातावरणात सळीवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि गंज चढत नाही. हा थर दोन कारणांनी मोडतो. पहिलं कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये मुरत जातो आणि अल्कधर्म कमी करतो. दुसरं कारण मीठ, म्हणजे क्लोराइड. ते समुद्राच्या हवेतून येतं, न धुतलेल्या खाडीच्या वाळूतून येतं, खाऱ्या बोअरच्या पाण्यातून येतं.

गंज चढला की लोखंड फुगतं. मूळ धातूपेक्षा गंजाचं आकारमान दुप्पट ते सहापट होऊ शकतं. आतून हा दाब आला की काँक्रीटला सळीच्या रेषेत चीर पडते, पोपडे सुटतात आणि एक दिवस ढपला खाली येतो. आपल्या घरांत हे कुठे दिसतं? न्हाणीघराच्या खालच्या छताला, गच्चीवरच्या टाकीखाली, आणि मस्जिदीत वजूखान्याच्या स्लॅबला. जिथे रोज पाणी आणि ओल, तिथे गंज आधी.

मोठ्या कामांत हाच गंज किती महागात पडतो, याचं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीवरचा नेहरू पूल ५ जुलै १९८६ रोजी कोसळला. तेव्हा त्याला वीस वर्षंही झाली नव्हती. त्यातल्या ताणून बसवलेल्या पोलादी तारांना खाऱ्या हवेत गंज लागला होता. वाशीजवळचा ठाणे खाडीवरचा पहिला पूल १९७३ चा. त्यालाही तारांच्या गंजाने लवकरच ग्रासलं आणि पुढे शेजारी दुसरा पूल बांधावा लागला. झुआरीच्या जुन्या पुलावर जड वाहनांना बंदी घालावी लागली, त्यामागेही गंजच होता.

कोल्हापूर समुद्रापासून दूर आहे, हे खरं. पण आपले कितीतरी नातेवाईक आंबा घाट उतरून रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवण या बाजूला राहतात. सौदी, दुबई, कुवेतमध्ये वीस-वीस वर्षं राबून आणलेल्या पैशातून तिथे घरं उभी राहतात. पंधरा वर्षांत त्या घरांच्या स्लॅबची सळी उघडी पडते. आणि कोल्हापुरात २०१९ आणि २०२१ चा महापूर आपण पाहिलाच. नदीकाठच्या वस्त्यांत इमारतींचे खालचे मजले कित्येक दिवस पाण्यात होते. त्यामुळे ‘न गंजणारी सळी’ हे शब्द कानावर पडले की माणूस थांबून ऐकणारच. तो प्रश्न योग्यच आहे.

फायबरची सळी बनते कशी?

तिचं पूर्ण नाव ग्लास फायबर रिइन्फोर्स्ड पॉलिमर, इंजिनिअर लोक तिला जीएफआरपी म्हणतात. यात काच आहे म्हणून ती बांगडीसारखी फुटेल असं समजू नका. काच वितळवून तिचे केसापेक्षा बारीक धागे ओढले की ते ताणाला फार चिवट होतात.

इचलकरंजीत ज्यांनी सायझिंगचं काम पाहिलंय त्यांना हे लगेच समजेल. बॉबिनवरून शेकडो धागे एकत्र, सरळ, ताणून ओढले जातात आणि एका द्रवातून जातात. फक्त इथे खळीऐवजी व्हिनाइल एस्टर किंवा इपॉक्सी नावाचं राळेसारखं रसायन असतं. भिजलेले धागे गरम साच्याच्या भोकातून खेचले की रसायन घट्ट होऊन कडक दांडी तयार होते. काँक्रीटला धरून राहावं म्हणून तिच्यावर वाळूचा थर चिकटवतात किंवा धाग्याचा पीळ देतात.

काचेऐवजी कार्बनचे धागे वापरता येतात. ते फार ताठ असतात, पण फार महाग. बेसॉल्टचेही धागे होतात. बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण, ज्याने कोल्हापूरचा नवा राजवाडा बांधला, ज्याची खडी रोज आपल्या काँक्रीटमध्ये जाते. हा दगड सुमारे १४५० अंश सेल्सिअसला वितळवून त्याचे धागे ओढतात. प्रत्येक खाणीतला दगड त्याला चालतो असं नाही. त्यातल्या खनिजांचं प्रमाण नेमकं लागतं.

आता दाव्यांकडे येऊ. गंज? काचेच्या धाग्यात लोखंडच नाही, त्यामुळे गंजण्याचा प्रश्नच नाही. वजन? लोखंडाची घनता पाण्याच्या सुमारे ७.८५ पट, या सळीची सुमारे २ पट. म्हणजे चौथा हिस्सा, बरोबर. ताकद? घरासाठी आपण जी एफई ५०० सळी आणतो, ती दर चौरस मिलिमीटरला ५०० न्यूटन ताणापर्यंत टिकते आणि मग लांबू लागते. चांगली फायबर सळी ७०० ते १००० न्यूटन किंवा त्याहून जास्त ताण घेऊन तुटते. तेव्हा ‘दुप्पट’ हा शब्द अगदीच खोटा नाही.

बाराच्या जागी आठ : हिशेब करून पाहू

वही-पेन घ्या. बारा एमएम सळीच्या छेदाचं क्षेत्रफळ ११३ चौरस मिलिमीटर. गुणिले ५००, म्हणजे ५६,५०० न्यूटन. आठ एमएम फायबर सळीचं क्षेत्रफळ ५० चौरस मिलिमीटर. ताकद १००० धरली तर ५०,००० न्यूटन. आकडे जवळ आले. विक्रेता इथेच थांबतो आणि म्हणतो, पाहा, जवळपास सारखंच!

पण सळीचं काम फक्त न तुटणं एवढंच नसतं. ताणली जाऊ नये, हेही तिचं काम आहे. एक रबरी पट्टा आणि एक लोखंडी तार, दोघांनीही दहा किलो वजन पेललं, तरी रबर हातभर लांबेल आणि तार दिसण्याइतकीही लांबणार नाही. या गुणाला ताठरता म्हणू. ती मोजायचं माप लोखंडासाठी सुमारे २०० गिगापास्कल आहे, काचेच्या फायबर सळीसाठी सुमारे ५०. म्हणजे त्याच जाडीच्या सळीत ताठरता चौथा हिस्सा.

आता जाडीही कमी केली तर? लोखंडी बारा एमएम : ११३ गुणिले २००, म्हणजे २२,६००. फायबर आठ एमएम : ५० गुणिले ५०, म्हणजे २,५००. भागाकार करा. उत्तर नऊ येतं. तेवढंच ओझं आलं तर आठ एमएमची ही सळी बारा एमएम लोखंडी सळीच्या नऊपट ताणली जाईल!

सळी ताणली गेली की स्लॅब झुकतो, भेगा रुंदावतात, वरची फरशी सुटते, भेगांतून पाणी झिरपतं. स्लॅब त्या दिवशी पडणार नाही, पण तो वापरण्यालायक राहणार नाही. म्हणूनच फायबर सळीने स्लॅब करायचा असेल तर जाणकार इंजिनिअर बहुतेक वेळा सळी कमी करत नाहीत, उलट जास्त घालतात किंवा स्लॅबची जाडी वाढवतात. ‘बाराच्या जागी आठ’ हे वाक्य ऐकलं की समजा, समोरच्याने अर्धाच हिशेब केलाय.

आणखी काही मर्यादा

पहिली, ती इशारा देत नाही. लोखंडावर मर्यादेबाहेर ओझं आलं तर ते आधी लांबतं, वाकतं, मोठ्या भेगा दाखवतं. घरातल्या माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. फायबर सळी तुटेपर्यंत सरळ रेषेत ताणली जाते आणि मग अचानक तुटते. भूकंपात लोखंडाचा हा चिवट, वाकण्याचा गुणच इमारत वाचवतो. कोल्हापूर भूकंपाच्या झोन तीनमध्ये गणलं गेलंय आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना अजून आठवतो. अमेरिकेत २०२२ मध्ये फायबर सळीच्या इमारतींसाठी स्वतंत्र संहिता निघाली. तिनेही भूकंपाचा जोर पेलणाऱ्या चौकटीसाठी ही सळी जवळपास बाजूलाच ठेवली आहे. तेव्हा घराच्या कॉलम आणि बीममध्ये लोखंड काढून फायबर घालणं, हा विचारच नको.

दुसरी, आग. लोखंडही आगीत नरम पडतं, पण त्याला बरीच जास्त उष्णता लागते. फायबर सळीतलं राळेसारखं रसायन शंभर-दीडशे अंशांच्या आसपासच मऊ होऊ लागतं आणि काँक्रीटवरची पकड सुटते. जिथे माणसं राहतात, मुलं झोपतात, गॅसची शेगडी पेटते, तिथे हा मुद्दा छोटा नाही.

तिसरी, ती साइटवर वाकत नाही. आपले सळी बांधणारे कारागीर पान्याने सळी वाकवून कॉलमच्या रिंगा करतात. फायबर सळीला तसं वाकवता येत नाही. कोणी तापवून वाकवू पाहिलं तर ती निकामी होते. वाकडे तुकडे कारखान्यातूनच मागवावे लागतात आणि वाकलेल्या जागी त्यांची ताकद सरळ भागापेक्षा बरीच कमी असते.

चौथी, कायमचं ओझं. वर्षानुवर्षे मोठा ताण राहिला तर काचेचे धागे थकतात. त्यामुळे कायमच्या भाराचा ताण मूळ ताकदीच्या साधारण २० ते ३० टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आहे. ‘दुप्पट ताकद’ कागदावर असली तरी ती सगळी वापरता येत नाही.

आणि एक गंमत, पण कामाची. काँक्रीट पाण्याच्या सुमारे २.४ पट जड असतं, ही सळी २ पट. म्हणजे ओल्या काँक्रीटमध्ये व्हायब्रेटर फिरला की ही सळी वर तरंगू पाहते! ती खाली घट्ट बांधली नाही, तर खालची सळी वर येते आणि ज्या बाजूला हवी तिथे ती राहतच नाही. हे ज्याला माहीत नाही त्या कारागिराकडून हे काम करून घेऊ नये. आपल्या समाजातली अनेक मुलं सेंट्रिंग आणि सळी बांधण्याच्या कामात आहेत. त्यांनी हे नवं काम शिकून घेतलं तर उद्या त्यांची मागणी वाढेल. उन्हात ही सळी उघडी ठेवू नये, कापताना तोंडाला मास्क आणि हातात मोजे हवेत, कारण तिची भुकटी त्वचेला आणि श्वासाला त्रास देते.

मग ती चांगली कुठे?

एवढं वाचून कोणी म्हणेल, मग ही सळी टाकाऊच. तसं अजिबात नाही. तिची जागा ठरलेली आहे आणि त्या जागी ती लोखंडाला मागे टाकते.

सौदी अरेबियाच्या जझान भागात पुराचं पाणी वळवण्यासाठी वीस किलोमीटरहून लांब काँक्रीटचा कालवा बांधला गेला. त्यात ही फायबर सळी वापरली आणि अशा सळीच्या जगातल्या सर्वांत मोठ्या कामांत त्याची गणना होते. खारी जमीन, खारं पाणी, तापतं ऊन, आणि लांबच लांब जमिनीवर टेकलेलं काँक्रीट, जे कोणाच्या डोक्यावर लोंबत नाही. अशाच ठिकाणी ही सळी शोभते. कॅनडात बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. ते मीठ पुलाच्या स्लॅबमध्ये उतरून लोखंड खातं, म्हणून तिथे अनेक पुलांच्या वरच्या स्लॅबमध्ये फायबर सळी आहे. भुयारी मेट्रोत बोगदा खणणारं यंत्र ज्या भिंतीतून आरपार जायचं असतं, तिथे मुद्दाम ही सळी घालतात, कारण यंत्राला ती सहज कापता येते. दवाखान्यात एमआरआयच्या खोलीत चुंबकाला लोखंड चालत नाही, तिथेही ती कामाला येते.

भारतातही आता ती बिनकागदाची राहिलेली नाही. भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये काचेच्या फायबर सळीसाठी आयएस १८२५६ हे मानक काढलं, आणि चाचणी कशी घ्यायची यासाठी आयएस १८२५५. म्हणजे विक्रेत्याकडे मागायला आता एक ठोस आकडा आपल्या हातात आहे.

आपल्या कामांत तिचा विचार कुठे करता येईल? जमिनीवर टेकलेला कोबा, मस्जिदीच्या अंगणातलं काँक्रीट, वजूखान्याचा जमिनीवरचा तळ, मैलापाण्याची नाली, कोकणात समुद्राकाठच्या कब्रस्तानची कमी उंचीची संरक्षक भिंत. तेही इंजिनिअरने त्या सळीसाठी वेगळा हिशेब करून दिला तरच.

पर्यावरणाचं काय?

जगात माणसामुळे होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमुळे होतो. चुनखडी भाजली की तिच्यातूनच हा वायू सुटतो, त्यामुळे इंधन बदलून तो सगळा टाळता येत नाही. पोलादाचा वाटाही तेवढाच मोठा. जगाची सरासरी घेतली तर एक टन पोलादामागे दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो.

फायबर सळीचा फायदा इथे दोन प्रकारे होतो. एक, वजन कमी, त्यामुळे माल कमी आणि वाहतूक कमी. दोन, आणि हे जास्त महत्त्वाचं, बांधकाम टिकतं. पंधरा वर्षांत मोडून पुन्हा बांधावी लागणारी भिंत साठ वर्षं टिकली तर तीन वेळचं सिमेंट, वाळू आणि पैसा वाचतो. शिवाय गंजाची भीती नसल्याने सळीवर काँक्रीटचं जाड आवरण लागत नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. लोखंड मेलं तरी मरत नाही. जुनी सळी भंगारवाल्याकडे जाते, भट्टीत वितळते आणि नवं रूप घेऊन येते. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री भंगारावर कशा चालतात हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. फायबर सळी अशी वितळवून पुन्हा सळी करता येत नाही. शंभर वर्षांनी तिच्या कचऱ्याचं काय, याचं चांगलं उत्तर अजून मिळायचंय.

बांबूबद्दलही विचारतात. बांबू ताणाला चिवट आहे आणि विदर्भात वणी-वरोरा महामार्गावर २०२३ मध्ये बांबूचा दोनशे मीटरचा कठडा बसवला गेला, तो कौतुकाचाच विषय आहे. पण कठडा वेगळा आणि काँक्रीटच्या पोटातली सळी वेगळी. ओल्या काँक्रीटमध्ये बांबू पाणी पिऊन फुगतो, नंतर वाळून आकसतो आणि काँक्रीटपासून सुटतो. पुढे कीड आणि कुजणं आहेच. घराच्या स्लॅबमध्ये लोखंडाऐवजी बांबू घालू नये. कार्बन धाग्यांचा रस्ता वेगळा आहे. जर्मनीत ड्रेस्डेन विद्यापीठाने २०२२ मध्ये ‘क्यूब’ नावाची इमारत लोखंडाऐवजी कार्बनच्या जाळीवर उभी केली. भिंती पातळ झाल्या, सिमेंट वाचलं. पण ते अजून प्रयोगाच्या पातळीवरचं, महागडं काम आहे.

आज, आपल्या हातात काय आहे?

सर्वसाधारण कुटुंबाने घरात लोखंडी सळीच वापरावी आणि तिला गंजू न देण्यावर लक्ष द्यावं. बहुतेक सळ्या लोखंडाच्या दोषाने नाही, आपल्या हलगर्जीपणाने गंजतात.

कव्हर ब्लॉक वापरा. सळी थेट सेंट्रिंगच्या फळीवर टेकली की तिच्याखाली काँक्रीटच राहत नाही. आयएस ४५६ प्रमाणे साध्या हवामानात सळीवर किमान २० मिलिमीटर आवरण हवं, कॉलमला ४०, पायाला ५०. समुद्राच्या हवेत उघड्या असलेल्या काँक्रीटला ४५ मिलिमीटर आणि एम ३० दर्जाचं काँक्रीट हवं. कव्हर ब्लॉक ही सगळ्या बांधकामातली सर्वांत स्वस्त वस्तू आहे आणि सर्वांत जास्त वेळा तीच विसरली जाते.

पाणी तपासा. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. बोअर खारी असेल तर टँकर मागवा. खाडीची वाळू धुतल्याशिवाय वापरू नका. मिक्सरमध्ये पाणी सढळ हाताने ओतू देऊ नका, ज्यादा पाणी उडून जातं आणि मागे छिद्रं ठेवतं. त्याच छिद्रांतून पुढे गंज आत येतो.

स्लॅबला पाणी मारा. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, आणि आज बाजारात जास्त मिळणाऱ्या पीपीसीला किमान दहा दिवस. तिसऱ्या दिवशी पाणी थांबवलं तर वरचा थर कच्चा राहतो, आणि सळीचं संरक्षण तोच थर करतो.

समुद्राकाठी घर असेल तर इंजिनिअरला इपॉक्सीचा लेप दिलेली किंवा जस्ताचा मुलामा दिलेली सळी परवडते का, हे विचारा. तिचा हिशेब लोखंडाचाच राहतो, वाकतेही लोखंडासारखीच. मात्र लेप खरवडला जाऊ नये आणि वाकवताना सुटला तर लगेच पुन्हा लावावा.

आणि कोणी फायबर सळी घेऊन आलाच तर त्याला चार प्रश्न विचारा. आयएस १८२५६ प्रमाणे चाचणीचा अहवाल आहे का? तिची ताठरता किती? आमच्या नकाशावर या सळीसाठी नव्याने हिशेब कोणी केला? आणि त्या हिशेबाखाली कोणत्या परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही आहे? चारही उत्तरं कागदावर मिळाली तर बोलणं पुढे न्या. ‘आम्ही खूप ठिकाणी दिलीय’ हे उत्तर नाही.

मस्जिद आणि मदरशाच्या ट्रस्टींना एक वेगळी विनंती. तिथला पैसा लोकांचा आहे. कोणी दहा रुपये दिलेत, कोणी दहा हजार. ती अमानत आहे. जुम्याला त्या छताखाली शेकडो माणसं बसतात, मदरशात रोज मुलं बसतात. तेव्हा सळीचा निर्णय कमिटीच्या बैठकीत हात वर करून होत नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सहीचा नकाशा फाइलमध्ये ठेवा. काँक्रीट ओतण्याआधी सळी मोजून तिचे फोटो काढून ठेवा, कारण काँक्रीट पडल्यावर आत काय आहे हे कोणालाच दिसत नाही. आणि जुन्या इमारतीच्या छताला सळीच्या रेषेत चीर दिसत असेल तर वर गिलावा मारून, रंग देऊन ती झाकू नका. आत गंज चालूच राहतो. आधी इंजिनिअरला दाखवा, मग वरचा मजला वाढवायचा की नाही, ते ठरवा.